विषय: खानापूरचं मेमधलं शिबिर – पाण्यातले रोबो, किटची यादी

मंडळी, नमस्कार.
खानापूरच्या शिबिरासाठी 4 गट धरलेत. गटाला लेगो टेक्निकचा संच, 3 एम (मध्यम आकाराच्या) मोटर, 3 पंखे आणि ब्लूटूथवाला एक हब (मोटर चालवणारा बॅटरीचा डबा). इथल्या, न्यू जर्सीतल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटचा पाण्यातल्या लेगो रोबोंचा ‘वॉटरबॉटिक्स’ अभ्यासक्रम समोर ठेवलाय. हब हवाबंद डब्यात घालून पाण्यात सोडायचा का? यादी बंद करण्याआधी कळवा.
– न्यू जर्सीहून

---

दादा, हब पाण्यात नको. ब्लूटूथची लहर पाण्यात वीत-दोन वीत गेली की विरते, आणि डबा गळला तर सगळ्यात महाग वस्तू आधी जाते. पाण्यात फक्त मोटर आणि तारा. बाकी सगळं काठावर. सुरुवातीला तर हबही नको, दर मोटरला सहा पायांचा एक डीपीडीटी (दोन्हीकडे पडणारा दुहेरी) स्विच पुरे. त्याच्या टोकाचे पाय एकमेकांना तिरके जोडले की मोटर उलटसुलट फिरते.

मोटर लेगोच्या जुन्या ‘पॉवर फंक्शन्स’ मालिकेतल्या मिळतात का बघा की. त्यांच्या प्लगच्या चार तारांपैकी मधल्या दोनच मोटर फिरवतात, म्हणजे तीन मोटरना सहा तारा. लॅन केबलमध्ये आठ असतात; पण आत एकेरी भरीव तार असलेली घेऊ नका, ती ताठ असते आणि रोबोलाच ओढत नेते. टेलिफोनची 0.4 मिमीची तार 10 मीटर टाकली, तर जाऊन-येऊन पावणेतीन ओहम होतात. मोटर अडून 0.8 अँपिअर ओढायला लागली की 9 व्होल्टमधले दोन तारेतच गेले. आपला हौद मीटरभर खोल आहे, 5 मीटर केबल भरपूर झाली. दर अर्ध्या मीटरला थर्माकोलचा तुकडा बांधायचा, नाहीतर केबल बुडते आणि रोबोचं शेपूट खाली खेचते.

वीज सहा पेन्सिल सेलची. चार्जर हौदाजवळ आणायचाच नाही, कुणी कितीही म्हणू दे.
– खानापूर

---

दोघांचंही मोटरचंच चाललंय. पहिला अर्धा दिवस मोटर न लावताच घालवा.

लेगोचं एबीएस प्लास्टिक पाण्याहून किंचित जड, तरी सांगाडा तरंगतो, कारण विटांच्या पोटात हवा अडकते. ती हळूहळू निघते आणि सकाळी नीट तोललेला रोबो अर्ध्या तासात तळाला जाऊन बसतो. म्हणून विटा कमी, भोकांचे बीम जास्त. सांगाडा पाण्याखाली धरून बुडबुडे थांबेपर्यंत उलटापालटा हलवायचा, वजन त्यानंतर.

वजनाचा हिशेब मुलांकडूनच करून घ्या. काठोकाठ भरलेल्या बादलीत रोबो पूर्ण दाबायचा, सांडलेलं पाणी मोजायचं. समजा 750 मिली निघालं आणि रोबो 600 ग्रॅमचा आहे. फरक 150, पण 150 ग्रॅम लोखंडानं भागत नाही, लोखंडही आपल्यापुरतं पाणी सारतं. 172 ग्रॅम लागतं. आठ एमएमचा नट साधारण 5 ग्रॅमचा, म्हणजे 34 नट, इथं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत घ्या. नट खाली, थर्माकोल वर. उलट बांधलं की रोबो पालथा पडतो आणि बोल लागतो मोटरला! थर्माकोलऐवजी पाण्याची मऊ बाटली चालणार नाही. मीटरभर खाली दाब दहाएक टक्क्यांनी वाढतो, बाटली चेपते आणि रोबो आणखी खाली जातो.

गिअर: मोटरवर 24 दाती, पंख्यावर 8 दाती, वेग तिप्पट. 40 दाती लावून पाचपट करायचा मोह होतो, पण मोठा पंखा असला तर मोटर गुरगुरून थांबते. पंख्यामागे चार बोटं मोकळी सोडा; तिथं बीम आडवा आला तर झोत त्यावरच आपटतो, आणि पंखा जोरात फिरूनही रोबो जागचा हलत नाही.
– उद्यमबाग, बेळगाव

---

ठीक. हब 4 ऐवजी 1, शेवटच्या दिवसापुरता. स्विच 12. मोटर 12 ऐवजी 16, कारण त्या पाण्यासाठी बनवलेल्याच नाहीत. थर्माकोल, नट तिकडेच घ्या. वापरून झाल्यावर मोटरचं काय करायचं?
– न्यू जर्सीहून

---

स्वच्छ गोड्या पाण्यात खळबळून घ्या, झटका, बाहेर दोन मिनिटं रिकामी फिरवा आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. उन्हात नको. जी मोटर सुरू करायला बोटानं ढकलावी लागते, तिचा कम्युटेटर (ब्रशकडून वीज घेणारी आतली फिरती कडी) खराब झाला असं समजा. ती टाकू नका, आतले ब्रश दाखवायला उघडून ठेवा.
– उद्यमबाग