नर्सरीत इंटर्नशिप चालू आहे, पाठ बघायला मॅडम येतात तेव्हा त्यांनी नक्की काय बघायला हवं?

फोंड्याची_टीचर:
नमस्कार सगळ्यांना. मी प्री-स्कूल टीचर ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजचं आणि शाळेचं नाव नको. सध्या नर्सरीत इंटर्नशिप चाललीय, वर्गात 35 मुलं, एक वर्गटीचर, एक मदतनीस आणि मी. कॉलेजच्या मॅडम मधूनमधून पाठ बघायला येतात, मागे छोट्या खुर्चीवर बसून फॉर्म भरतात आणि पुढच्या शाळेत जायची घाई असते म्हणून लगेच निघतात.

गणेश चवथीच्या आधी माझा पाठ होता रंगावरून वर्गीकरण. मी घरून काकडी, चिबूड, आंबाडे, सुपारी, टोमॅटो, कांदे, बटाटे असं सगळं नेलं, तीन टोपल्या ठेवल्या, हिरवी लाल पिवळी. एक मुलगा, एरवी अजिबात बोलत नाही, त्याने टोपल्यांकडे बघितलंच नाही, खाली जमिनीवरच दोन ढीग केले. एकात काकडी, चिबूड, आंबाडे, सुपारी, दुसऱ्यात कांदे, बटाटे, टोमॅटो. मी विचारलं हे काय रे, तर दुसऱ्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, ‘हें माटोळेक बांदनात.’ म्हणजे हे माटोळीला, चवथीला गणपतीवर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीला, बांधत नाहीत. मला इतका आनंद झाला की काय सांगू, पण तेवढ्यात बाकीची मुलं उठली, टोमॅटो घरंगळला, वर्गटीचर पुढे आल्या आणि ‘सिट डाऊन, फिंगर ऑन लिप्स’ करून पाठ त्यांनीच संपवला. फॉर्मवर मला मिळालं: वर्गनियंत्रण कमी, उद्दिष्ट साध्य नाही. त्या मुलाबद्दल एक ओळ नाही.

मार्कांचं मला एवढं नाही, पण पुढच्या वर्षी मी एकटी वर्गात उभी राहणार, तेव्हा मागे कोणी नसेल. मग आत्ता कोणीतरी बघतंय त्याचा खरा फायदा कसा करून घ्यायचा? मॅडमना सांगायचं तरी कसं, त्या मोठ्या, मी विद्यार्थिनी.

डिचोलीच्या_बाई:
बाय, तू ते दोन ढीग बघितलेस आणि लक्षात ठेवलेस, हीच प्री-स्कूलच्या टीचरची नजर. आता मुद्द्याचं सांगते, मी स्वतः बरीच वर्षं असे पाठ बघायचं काम केलंय.

तुझ्या हातातला तो फॉर्म बहुतेक प्राथमिकच्या पाठ-टाचणावरून आलेला असणार, प्रस्तावना, उद्दिष्ट, फलकलेखन, मूल्यमापन, सगळे रकाने तिकडचे. तीन-चार वर्षांच्या मुलाला ते बसत नाहीत. 2022 मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, 3 ते 8 वयाचा, त्यात स्पष्ट म्हटलंय की ह्या वयात लेखी परीक्षा, चाचण्या चालणार नाहीत, मुलाचं निरीक्षण करायचं आणि त्याने केलेल्या वस्तू, चित्रं बघायची. मग मुलाला जर असं बघायचं असेल तर शिकाऊ टीचरला बघतानाही नजर मुलांवरच हवी ना? तू टोपल्या किती नीट मांडल्यास त्याच्यापेक्षा मुलांनी त्या टोपल्यांचं काय केलं हे कागदावर यायला हवं. आणि तुझ्या त्या मुलाने वर्गीकरण केलंच की, फक्त निकष त्याचा स्वतःचा होता, आणि रंगापेक्षा अवघड होता, कारण रंग डोळ्यांना दिसतो, माटोळीला काय बांधतात ते आठवून ठरवावं लागतं.

मॅडमना कसं सांगायचं तर तक्रार म्हणून नको, काम म्हणून सांग. पाठाच्या आदल्या दिवशी जा किंवा फोन कर आणि म्हण, ‘मॅडम, उद्या मला ह्या तीन मुलांबद्दल मदत हवी, मी पुढे असते तेव्हा मला त्यांचं दिसत नाही, ती काय उचलतात काय बोलतात ते जसंच्या तसं लिहून द्याल का?’ शंभरातल्या नव्वद मॅडम हो म्हणतील, मागे बसून रकाने भरायचा कंटाळा त्यांनाही असतो. आणि पाठ झाल्यावर त्याच दिवशी दहा मिनिटं मागून घे, चार दिवसांनी बोललेलं काही उपयोगाचं नाही, तोवर दोघींच्याही डोळ्यांसमोरून ते गेलेलं असतं.

लिहिताना एक पाळायचं, मूल ‘हट्टी आहे’ हे निरीक्षण नव्हे, ते तुझं मत. ‘डबा दोनदा ढकलला, तिसऱ्यांदा माझ्याकडे आणून उघडून दे म्हणाला’ हे निरीक्षण. माँटेसरीच्या ट्रेनिंगमध्ये तर निरीक्षण हे वेगळं काम असतं, कोपऱ्यात बसायचं, मध्ये बोलायचं नाही, मदत करायची नाही, नुसतं बघून लिहायचं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, पुढे ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ पालघरकडच्या बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत हे बघून त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, मुलं गुरं चारायला जातात हे बघून कुरणावर नेली. आधी बघितलं, मग शाळा कशी असावी ते ठरवलं. तू टोपल्या ठेवल्यास आणि मुलाने जमीन निवडली, उद्या तू जमिनीवरच खडूने गोल काढून बघ.

केजीटीचर_म्हापसा:
मी दुसऱ्या बाजूची, माझ्या वर्गात दरवर्षी इंटर्न येतात म्हणून लिहिते. आम्ही मध्ये का पडतो ते पण समजून घ्या. इंटर्न काही आठवड्यांनी जाते, मुलाला लागलं तर संध्याकाळी गेटवर पालकांना मला तोंड द्यायचं असतं. सुपारी नेलीस म्हणतेस, आंबाड्याची बी, मणी, चिंचोके, असल्या वस्तू ह्या वयाची मुलं नाकात घालतात, तोंडात घालतात, तेवढ्यासाठी आमचं अर्धं लक्ष तिकडेच असतं, मग टोमॅटो घरंगळला तरी आम्ही उठतो.

पण ‘फिंगर ऑन लिप्स’ मलाही पटत नाही. ज्या मुलाने महिनाभरात पहिलं वाक्य बोललं त्याच्या तोंडावर बोट ठेवायला लावायचं हे फार वाईट झालं, मनापासून सांगते.

आमच्या वर्गात आम्ही ठरवून घेतो. मुलाला धोका असेल तरच मी विचारल्याशिवाय मध्ये येणार, बाकी कितीही गोंधळ झाला तरी इंटर्नने माझ्याकडे बघून हात वर केला तरच उठणार. एवढं आदल्या दिवशी बोलून घेतलं की दोघींना बरं पडतं. दुसरं म्हणजे एकदम 35 मुलं हातात घेऊ नकोस. सुरुवातीला डब्याची वेळ आणि बाथरूमची लाईन सांभाळ, त्यात मुलांची नावं आणि स्वभाव कळतात, मग सकाळच्या गोलातलं एक गाणं तू घे, मग सहा-आठ मुलांचा गट घेऊन कोपऱ्यात बस, बाकीची माझ्याकडे, आणि शेवटी सगळा वर्ग. नवीन शिक्षण धोरणातसुद्धा एका टीचरमागे 30 पेक्षा कमी मुलं असं म्हटलंय, तुमचा वर्ग त्याच्यावर आहे, त्यात नवीन मुलीला उभं करून वर्गनियंत्रण कमी लिहिणं हा अन्याय आहे.

आणि गोंधळ कधी होतो ते टिपून ठेव. माझ्या अनुभवात खेळ चालू असताना होत नाही, एक संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या दोन मिनिटांत होतो. ज्यांचं झालं त्यांच्या हातात लगेच काहीतरी हवं, माती, चित्राची पुस्तकं, काहीही.

पेडण्याची_सेविका:
मी अंगणवाडीत आहे. तुमचं वाचून वाटलं की तुमच्या मागे खुर्चीवर कोणी बसतं हेच किती चांगलं. आमच्याकडे 2023 मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा आहाराबरोबर शिकवण्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, त्याचं तीन दिवसांचं ट्रेनिंग, ते हॉलमध्ये, तिथे मुलं नाहीत. खेळ छान शिकवले, खोटं नाही बोलणार, पण परत येऊन तोच खेळ 3 वर्षांची आणि 5 वर्षांची मुलं एकत्र घेऊन कसा घ्यायचा ते दाखवायला कोणी नसतं. मुख्य सेविका येतात तेव्हा वजनं, आहार, रजिस्टर, मोबाईलमधली नोंद, ह्यातच वेळ जातो, त्यांना पण दोष नाही, त्यांच्याकडे किती केंद्रं असतात. धोरणात बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स म्हटलंय, तो देताना महिनाभर तरी कोणी आमच्या केंद्रात येऊन बसावं, माझं शिकवणं बघावं, एवढंच मागणं आहे.

आणि एक, माझ्याकडे कोंकणी बोलणारी आहेत, दोन कानडी घरातली आहेत, एक हिंदी. माटोळी माहीत नसलेलं मूल पण तुझ्या वर्गात असणार, त्याने कसे ढीग केले तेही बघ.

फोंड्याची_टीचर:
डिचोलीच्या बाई, मॅडमना फोन केला. त्या आधी थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या मुलांची नावं पाठव. वर्गटीचरशीही बोलले, हात वर करायचं त्यांना पटलं, सुपारीबद्दल मात्र त्यांनी म्हापशाच्या ताईंसारखंच ऐकवलं, ते बरोबरच आहे, पुढच्या वेळी मोठीच फळं नेते. आणि पेडण्याच्या ताई, तुमचं खरं आहे, माझ्या वर्गात एक कानडी बोलणारी मुलगी आहे, ती त्या दिवशी नुसती कांद्याची सालं काढत बसली होती, तिच्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

आता एकच विचारायचं. माटोळीवाल्या मुलाचं सगळं फाईलमध्ये लिहायचं आहे, फोटोही आहे माझ्याकडे ढिगांचा, त्यात तो दिसतो. लावू का? नाव लिहू का?

डिचोलीच्या_बाई:
नाव नको, बदलून लिही आणि बदललंय असं वर नोंदव. ती फाईल कॉलेजात दहा जणांच्या हातून जाते. फोटो कापून फक्त ढीग आणि हात ठेव, चेहरा हवाच असेल तर आधी शाळेच्या हेडबाईंना विचार आणि आईवडिलांची लेखी परवानगी घे, आणि घ्यायला जाशील तेव्हा त्यांना सांग की मुलगा काय म्हणाला, त्यांनाही कळू दे. त्याचं वाक्य कोंकणीत आहे तसंच राहू दे. आणि त्या सालं काढणाऱ्या मुलीचं नाव मॅडमच्या यादीत पहिलं घाल.