२२ फुटीवरून ३० फुटीवर जायचंय, पण नवऱ्याला बोट लागते

शीडवाली
सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये, बर्कलीच्या मरीनात (होड्यांच्या धक्क्यात) माझी कॅटलिना २२ ही २२ फुटी शिडाची होडी आहे. आता कॅटलिना ३० घ्यायची आहे, जुनीच. नवऱ्याला शिडाचं वेड अजिबात नाही. बोट लागते, होडी कलली की धास्ती वाटते, आणि नीट संडास नाही, या त्याच्या तक्रारी. मोठ्या होडीने यातलं काय सुटतं? पैसे दोघांचे आहेत, म्हणून खरं चित्र त्याच्यापुढे ठेवायचंय.

ओहोटी
संडास सुटतो, कलणं थोडंफार सुटतं, बोट लागणं जवळपास नाहीच. २२चं वजन टनभर, ३०चं साडेचार टनांच्या वर. त्यामुळे ती सावकाश हलते, पाणी कमी उडतं. पण हलते, आणि काहींना तो संथ डोलच जास्त बाधतो.

खरी गोम जागेत आणि वेळेत आहे. उन्हाळ्यात दुपारी गोल्डन गेटमधून येणारा पश्चिमेचा वारा २०-२५ नॉटवर (ताशी ३७-४६ किमी) जातो, आणि बर्कली नेमकी त्याच्या तोंडावर. मरीनातून बाहेर पडलं की सुरुवातच वाऱ्याच्या अंगावर, आखूड उभ्या लाटांत. त्यात ओहोटी असेल तर पाणी पश्चिमेला चाललेलं आणि वारा समोरून, लाटा आणखी उभ्या राहतात. नव्या माणसाचा जीव तिथेच नकोसा होतो.

त्याच्यासाठी वेगळ्या फेऱ्या ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात, सकाळी निघून दुपारचा वारा चढायच्या आत परत. किंवा ओकलंड-अलमीडामधल्या खाडीत, तिथे पाणी सपाट. धक्क्यावरच मेनसेलला (मोठ्या शिडाला) रीफ घ्या, म्हणजे ते आखडून बांधा, आणि जिब (पुढचं शीड) छोटी ठेवा. १५ अंशांपलीकडे कलू देऊ नका. २० अंशांच्या पुढे सुकाणू नुसतं ओढत राहतं, वेग काही वाढत नाही, म्हणजे तुमचंही नुकसान नाही. बोट लागू नये म्हणून मेक्लिझिनची गोळी तासभर आधी, डॉक्टरांना विचारून. केबिनमध्ये पाठवू नका, सुकाणू हातात द्या. नजर क्षितिजावर राहिली की बरंच कमी लागतं.

तरीही नको म्हणाला तर त्याने फेरीबोटीने सॉसालिटोला यावं, तुम्ही होडीने जा, जेवण एकत्र.

डोलकाठी
शीडवालीताई, 'त्याच्यासाठी मोठी घेते' हे कारण आधी सोडा. बहुतेक दिवशी तो नसणार, तेव्हा एकटीला झेपेल तीच होडी. फर्लरवरची (दोराने गुंडाळता येणारी) जिब, सगळे दोर कॉकपिटपर्यंत (सुकाणूपाशी बसायच्या जागेपर्यंत) आणलेले आणि ऑटोपायलट, हे तिन्ही हवंच. नसेल तर बसवायचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

जुन्या ३०मध्ये दोन जागा मुद्दाम बघा. कीलच्या (तळाखालच्या जड पात्याच्या) सांध्याला पुढच्या बाजूला आडवी चीर असते, तिला 'कॅटलिना स्माइल' म्हणतात. नुसतं फिलर भरून रंगवलेली असेल तर कीलचे बोल्ट आणि त्याखालचं लाकूड सर्व्हेयरकडून (होड्या तपासणाऱ्या जाणकाराकडून) तपासून घ्या. दुसरी जागा डोलकाठीखालच्या खांबाची. त्याच्या तळचा लाकडी ठोकळा बिल्जच्या (होडीच्या तळात साचणाऱ्या) पाण्याने कुजतो, खांब खचतो, डेक खाली बसतो. खूण सोपी आहे: संडासाचं दार चौकटीत घासायला लागतं आणि डोलकाठीच्या तारा सैल पडतात.

आणि संडास हाच नवऱ्याला पटवणारा मुद्दा असेल तर वास सांभाळा. गरम पाण्यात पिळलेलं फडकं होल्डिंग टँकच्या (संडासाच्या मैल्याच्या टाकीच्या) नळ्यांवर घट्ट गुंडाळा, गार झाल्यावर हुंगा. वास आला तर नळीतूनच झिरपतोय. घासून जात नाही, नळ्या बदलाव्याच लागतात. शिवाय फ्लशसाठी आत खेचलेलं समुद्राचं पाणी आठवडाभर नळीत साचलं की सडक्या अंड्यासारखं घाणतं, म्हणून निघताना गोड्या पाण्याने फ्लश करायचं.

शीडवाली
दाराचं माहीत नव्हतं, बघते. महिन्याचा खर्च त्याला कसा मांडू?

किनारा
लांबीच्या हिशोबाने मांडू नका, फसाल. जागेचं भाडं फुटावर असतं, ते ८ फुटांनीच वाढेल. पण वजन चौपटीहून जास्त, म्हणून शिडं, विंच (दोर ओढायची चरखी), नांगर, तळाचा रंग सगळंच त्याहून जास्त वेगाने चढतं. आउटबोर्ड (मागे टांगलेलं इंजिन) जाऊन आत इंजिन येतं, त्याचं तेल, फिल्टर, थंडाव्याच्या पंपाचं इम्पेलर आलं. काउंटीचा मालमत्ता कर दरवर्षी. डोलकाठीच्या तारा १०-१५ वर्षं जुन्या असतील तर त्या बदलायचे पैसे आधीच बाजूला काढा. २२ विकल्याशिवाय ३० घेऊ नका, नाहीतर दोन जागांचं भाडं बसतं.

आधी ३० फुटी भाड्याने घेऊन दोघं एक दिवस जा. त्याच दिवशी त्याला एवढं शिकवा: जिबचा दोर सोडणं, इंजिन चालू करणं, व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ला (मदतीच्या हाकेच्या चॅनलला) हाक देणं. त्याला आवड नसली तरी हे यायलाच हवं, कारण तुम्ही पाण्यात पडलात तर होडीवर तो एकटाच असेल.