कोलोरॅडोमध्ये गाईतला हिस्सा घेऊन निरसे दूध मिळवणे: मालकी खरी की नावापुरती?

प्रश्न: चंद्रभागा_डेन्व्हर

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. तासाभराच्या अंतरावरील एका लहान गोठ्याने आम्हांला गाईतला हिस्सा देऊ केला आहे. सुरुवातीला हिश्श्याची रक्कम एकदाच भरायची, पुढे चारापाणी, धार आणि देखभाल यांचा खर्च दरमहा द्यायचा आणि त्या बदल्यात आठवड्याला एक गॅलन निरसे दूध घेऊन यायचे, अशी योजना आहे. मला ओढ आहे ती मुख्यतः सायीची आणि घरी कढवलेल्या तुपाची, कारण येथील दुकानातले दूध कितीही तापवले तरी त्यावर नाव घेण्याजोगी साय धरत नाही.

करारनामा वाचल्यावर मात्र मनात काही शंका आल्या आहेत. ज्या राज्यात निरशा दुधाची विक्री चालत नाही, तेथे गाईचा हिस्सा विकत घेतला की तेच दूध कायदेशीर कसे होते? ही खरी मालकी मानायची की केवळ पळवाट? गाय भाकड झाली किंवा दगावली तर हिस्सेदाराचे काय? शिवाय दूध तापवले तर त्यातले सत्त्व जाते, म्हणून ते न तापवताच प्यावे, असा गोठ्याच्या मालकीणबाईंचा आग्रह आहे. घरात सहा वर्षांची मुलगी आणि पंचाहत्तरीचे सासरे आहेत, त्यामुळे हा निर्णय एकटीच्या आवडीवर सोडता येत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १: करारपत्र

आपला पहिला प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८७ साली, न्यायालयाच्या आदेशानंतर, पिण्यासाठी बाटलीबंद केलेले निरसे दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकण्यास बंदी घातली. राज्याच्या सीमेच्या आत काय चालावे हे मात्र त्या त्या राज्यावर सोडले आहे. कॅलिफोर्नियात असे दूध दुकानात मिळते, काही राज्यांत ते फक्त गोठ्यावर मिळते, तर काही राज्यांत विक्रीच बंद आहे. बंदीच्या राज्यांत लोकांनी जुन्या मालमत्ता कायद्याचा आधार घेतला. स्वतःच्या गाईचे दूध पिण्यास कोणताही कायदा मनाई करत नाही, मग दहा कुटुंबांनी मिळून गाय घेतली आणि ती सांभाळण्यासाठी शेतकऱ्याकडे ठेवली, तर त्या दुधाची विक्री झाली असे कसे म्हणता येईल, असा हा युक्तिवाद होता.

कोलोरॅडोने २००५ साली हा युक्तिवाद मान्य करून त्याला कायद्याचे रूप दिले. त्यानुसार गाय किंवा शेळी यांतील हिस्सेदाराला त्याच्या हिश्श्याचे दूध थेट गोठ्यावरून घेता येते. हे दूध पाश्चराइज केलेले, म्हणजे रोगजंतू मारण्यासाठी ठराविक तापमानाला तापवलेले, नाही अशी स्पष्ट सूचना द्यावी लागते, आणि जनावरांच्या आरोग्याचे निकष व दुधाच्या तपासण्यांचे निकाल हिस्सेदारांना समजावून सांगावे लागतात. हिस्सेदाराने ते दूध पुढे विकायचे नाही. टेनेसीने २००९ मध्ये आणि वेस्ट व्हर्जिनियाने २०१६ मध्ये याच वाटेने जाणारे कायदे केले. मिशिगनने वेगळा कायदा न करता २०१३ साली शासकीय धोरण म्हणून हिस्सेदारीला मान्यता दिली.

कायदाच नसेल तर काय होते, हे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात दिसले. गाईतल्या हिस्सेदारीच्या करारावर निरसे दूध देणाऱ्या मायकल श्मिट या शेतकऱ्यावर २००६ साली छापा पडला. २०१० मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, २०११ मध्ये तो निर्णय फिरला आणि २०१४ मध्ये प्रांताच्या अपील न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली. त्या करारातून सदस्यांना गाईची मालकी नेहमीच्या अर्थाने मिळत नाही, दूध मिळवण्याची सोय तेवढी मिळते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. माझ्या मते हे निरीक्षण मोलाचे आहे, आणि जेथे कायदा अनुकूल आहे तेथेही आपला करार त्याच कसोटीवर घासून पाहावा.

आपल्याकडे खेड्यात शेळी किंवा म्हैस अर्धेलीने सांभाळायला देतात, तेव्हा पिलांची वाटणी होते आणि जनावर मेले तर नुकसानीचाही वाटा दोघांवर येतो. आपल्या करारात वासरू कोणाचे, गाय विकली तर पैसे कोणाचे, पशुवैद्याचा मोठा खर्च आला तर तो कोणी सोसायचा, हिस्सा परत करायचा झाल्यास किती रक्कम मिळेल, यांपैकी काय लिहिले आहे ते तपासा. यातले काहीच नसेल आणि फक्त ‘आठवड्याला एक गॅलन’ एवढेच ठळक असेल, तर तो मालकीचा करार म्हणायला मी तयार नाही.

प्रतिसाद २: सूक्ष्मदर्शिका

मी अन्नसुरक्षेच्या क्षेत्रात काम करते, म्हणून आरोग्याच्या बाजूपुरते लिहिते. करार कितीही चोख असला तरी त्याने दुधातील जंतू कमी होत नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नोंदींनुसार १९९८ ते २०१८ या काळात निरसे दूध प्यायल्यामुळे आजारांचे २०२ उद्रेक झाले, त्यांत २,६४५ जण आजारी पडले आणि २२८ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. आपल्याच राज्यात २०१६ साली हिस्सेदारीच्या एका गोठ्यातील दुधातून कॅम्पिलोबॅक्टरचा उद्रेक झाला. त्यात बारा रुग्ण प्रयोगशाळेत निश्चित झाले, पाच संभाव्य होते, आणि तो जंतू नेहमीच्या एका प्रतिजैविकाला दाद देत नव्हता. २०१२ मध्ये ओरेगॉनमध्ये मोजक्याच गाईंच्या, हिस्सेदारीवर चालणाऱ्या गोठ्यातून ई. कोलाय ओ१५७ पसरला. एकोणीस जण आजारी पडले, त्यांत पंधरा मुले होती आणि चार रुग्णांच्या मूत्रपिंडांवर गंभीर परिणाम झाला. गोठा लहान, गाई चरणाऱ्या आणि मालक प्रामाणिक, एवढ्यावर सुरक्षितता ठरत नाही, कारण हा जंतू निरोगी दिसणाऱ्या गाईच्या आतड्यात राहतो आणि शेणाचा एखादा कण सडाला लागलेला असला तरी दुधात उतरतो.

मार्च २०२४ पासून त्यात बर्ड फ्लूची भर पडली आहे. टेक्सास आणि कॅन्ससमधील दुभत्या गाईंमध्ये एच५एन१ विषाणू आढळला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात विक्रीला असलेल्या निरशा दुधातही तो सापडल्याने दूध परत मागवावे लागले. उष्णतेने हा विषाणू निष्क्रिय होतो.

‘सत्त्व जाते’ या म्हणण्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचे तर तापवल्याने काही जीवनसत्त्वे थोडी घटतात, पण कॅल्शियम आणि प्रथिनांचे पोषणमूल्य जवळजवळ तसेच राहते. निरशा दुधात लॅक्टोज पचवणारे एन्झाइम असते, ही समजूत चुकीची आहे. युरोपातील काही अभ्यासांत शेतावर वाढणाऱ्या आणि गोठ्यातले दूध पिणाऱ्या मुलांमध्ये दमा कमी आढळला, हे खरे आहे. मात्र ते निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, आणि त्यांच्या भरवशावर सहा वर्षांच्या मुलीला निरसे दूध द्यावे असे मी कधीही म्हणणार नाही. पाश्चरायझेशनला ७२ अंश सेल्सियस तापमान पंधरा सेकंद पुरते. डेन्व्हरच्या उंचीवर पाणी साधारण ९५ अंशांना उकळते, म्हणजे तेथेही आपली नेहमीची उकळी पुरेशी ठरते. दूध आणल्याबरोबर तापवा, आणि त्याआधी ते ज्या भांड्याला, ओट्याला किंवा हाताला लागले असेल ते साबणाने धुवा. ही शेवटची गोष्ट अनेकांकडून राहून जाते.

प्रतिसाद ३: रालेचा_शेजारी

वरील प्रतिसादातील आकडे मला मान्य आहेत, तरीही हिस्सेदारी कायदेशीर असावी या मताचा मी आहे आणि त्याचे कारण सांगतो. नॉर्थ कॅरोलिनात २०१८ च्या शेतीविषयक कायद्याने हिस्सेदारीला मुभा मिळाली. त्याआधी लोक निरसे दूध पीत नव्हते असे नाही. कोणी सीमा ओलांडून साउथ कॅरोलिनातून आणत असे, तर कोणी ‘पाळीव प्राण्यांसाठी’ असे लेबल लावलेली बाटली आणून स्वतः पीत असे. त्या व्यवहारात ना तपासणी होती, ना सूचना, ना कोणी आजारी पडले तर बाकीच्यांना कळवण्याचा मार्ग. हिस्सेदारी उघडपणे चालू लागली की किमान कोणत्या कुटुंबाने कोणत्या गोठ्यातून दूध नेले याची यादी असते.

दुसरी बाजू शेतकऱ्याची आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. या देशात २००३ साली परवानाधारक दुग्ध गोठे सुमारे सत्तर हजार होते, २०२२ मध्ये ते अठ्ठावीस हजारांच्या आत आले. आठ-दहा गाई राखणाऱ्याला घाऊक दराने दूध घालून खर्च भागवणे अशक्य झाले आहे. हिस्सेदार मात्र त्याला दरमहा ठरलेली रक्कम देतात आणि गाय आटली तरी ती येत राहते. आपल्या घरच्या दुधाचा पैसा नेमका कोणत्या गोठ्याला जातो हे दिसणे, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

मी हिस्सा घेतला तो गोठा पाहूनच. धार काढण्याआधी सड पुसून कोरडे करतात का, पहिल्या चार धारा वेगळ्या भांड्यात घेऊन गाठी दिसतात का ते पाहतात का, दूध किती वेळात थंड होते, क्षय आणि ब्रुसेला (दुधातून माणसालाही होणारा जनावरांचा संसर्ग) यांच्या चाचण्या कधी झाल्या, हे विचारायला संकोच करू नका. रॉ मिल्क इन्स्टिट्यूट ही निरशा दुधाच्या उत्पादकांसाठी निकष ठरवणारी संस्था मिलिलिटरमागे कोलिफॉर्म (धारेच्या वेळची अस्वच्छता दाखवणारे जंतू) दहाच्या आत असावेत असे सांगते. गोठ्याकडे गेल्या काही महिन्यांचे निकाल मागा आणि ते सलग आहेत ना ते पाहा, कारण एकाच चांगल्या अहवालाने काही सिद्ध होत नाही. आमच्याकडे दूध तापवूनच पितात, आणि गाय व्याली की आम्हां हिस्सेदारांना थोडा चीक मिळतो. परदेशात खऱ्या चिकाचा खरवस मिळण्याचा दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

प्रतिसाद ४: सूक्ष्मदर्शिका

यादी असणे उपयोगाचे आहे, हे मान्य. पण निकष पाळणारा गोठासुद्धा महिन्यातून काही वेळाच नमुने तपासतो आणि जंतू रोज सारखे उतरत नाहीत. म्हणून कायदा करताना सूचनापत्रावर सही घेऊन थांबू नये, नियमित तपासणी आणि आजाराची सक्तीची नोंद त्यात असावी. वेस्ट व्हर्जिनियाच्या २०१६ च्या कायद्यात जनावरांची तपासणी आणि आजार कळवणे या दोन्ही अटी होत्या. तो नमुना मला निव्वळ मोकळीक देणाऱ्या कायद्यांपेक्षा बरा वाटतो.

चंद्रभागाताई, आपली ओढ सायीची आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून एक सुचवते. साय न धरण्याचे मुख्य कारण पाश्चरायझेशन नाही. दुकानातले दूध होमोजिनाइज केलेले असते, म्हणजे दाबाखाली स्निग्धांशाचे कण इतके बारीक केलेले असतात की ते वर येऊन एकत्र धरत नाहीत. होमोजिनाइज न केलेले, पण पाश्चराइज केलेले दूध काचेच्या बाटलीत ‘क्रीम टॉप’ या नावाने अनेक दुकानांत मिळते. ते तापवून फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी साय काढून विरजण लावा.

प्रतिसाद ५: चंद्रभागा_डेन्व्हर

सर्वांची आभारी आहे. करार पुन्हा वाचला. वासराचा उल्लेखच नाही, आणि हिस्सा परत करण्याची रक्कम ‘गोठा ठरवेल ती’ अशी आहे. मालकीणबाईंना ही दोन्ही कलमे बदलण्याची विनंती केली आहे आणि तपासण्यांचे निकालही मागितले आहेत. ते येईपर्यंत क्रीम टॉप आणून पाहते. हिस्सा घेतला तरी घरात दूध तापवूनच प्यायचे, हे आम्ही ठरवले आहे. आणखी एक विचारते: माझी बहीण वायोमिंगमध्ये राहते. आमच्या वाट्याचे दूध तिला नेऊन दिले तर चालेल का?

प्रतिसाद ६: करारपत्र

अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली जाहीर केले की स्वतःच्या वापरासाठी निरसे दूध सीमेपलीकडे नेणाऱ्या व्यक्तीवर कारवाई करण्याचा त्यांचा इरादा नाही. तरीही बहिणीकडून त्या दुधाचे पैसे घेणे टाळा, कारण तेथे विक्रीचा प्रश्न उभा राहतो. वायोमिंगमध्ये २०१५ पासून उत्पादकाला निरसे दूध थेट ग्राहकाला विकता येते, त्यामुळे बहिणीने तिच्या गावाजवळचाच गोठा शोधणे सोपे जाईल, आणि इतक्या लांब दूध नेताना ते चार अंशांच्या खाली राखण्याची चिंताही उरणार नाही. कोलोरॅडोतील करारात दोन्ही कलमे बदलून आली की मसुदा येथे नावे वगळून टाका, मी वाचून कळवीन.