पॅकेज तुमचं, मान्य. आमच्या चुकलेल्या बिलांचं काय?

पावतीवाला, घोडबंदर रोड

ऐरोलीच्या एका भाऊंनी आपलं पॅकेज, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रामात जोडायचा तयार कोड, एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारातून (रजिस्ट्रीतून) काढून टाकलं. त्यांची पोस्ट परवापासून फिरतेय. "माझं पॅकेज, माझी मर्जी. एनपीएमवरून उडवलं. फुकट्यांची बिल्ड तुटली असेल तर तुटू दे." खाली बदाम आणि टाळ्यांचा पाऊस. म्हटलं, त्या फुकट्यांपैकी एकाने तरी तोंड उघडावं.

पॅकेज काय, तर आकडा दिला की मराठीत अक्षरी रक्कम. १२,४६९ टाका, 'रुपये बारा हजार चारशे एकोणसत्तर फक्त' बाहेर. आम्ही सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं नि पावत्या छापायचं सॉफ्टवेअर चालवतो, माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत गिऱ्हाइकं आहेत. मराठीत शंभरपर्यंतचे आकडे कुठल्या नियमात बसत नाहीत, तक्ताच लिहावा लागतो. यांचा तक्ता चोख होता, हे मी शत्रू असलो तरी सांगेन. म्हणून घेतला.

महिनाअखेरीला थकबाकीच्या व्याजाची एक दुरुस्ती सोडायची होती. बिल्ड, म्हणजे सगळा कोड जोडून प्रोग्राम तयार करायचं काम, लावली तर ४०४, म्हणजे 'सापडत नाही'. लॉकफाइल (कुठली आवृत्ती घ्यायची त्याची यादी) आहे, व्हर्जन बांधलेली आहे, हॅशही (फाइलचा ठसा) आहे, फक्त वस्तू जागेवर नाही. सर्व्हर जुन्या डॉकर इमेजवर (आधीच बांधून ठेवलेल्या प्रतीवर) चालू राहिला म्हणून बिलं छापली गेली, पण दुरुस्तीविना, म्हणजे चुकीच्या व्याजासकट. थकबाकीदाराला पाच रुपये जास्त लावले तर जनरल बॉडीत काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

बरं, कंटाळा आला होता तर डेप्रिकेट करायचं, म्हणजे 'आता वापरू नका' असा शिक्का मारायचा. इन्स्टॉल करताना पिवळी सूचना येते, आम्ही समजून घेतो, दुसरी सोय बघतो. रेपो (कोड ठेवायची जागा) आर्काइव्ह, म्हणजे फक्त वाचण्यापुरता, करायचा. कुणाला तरी मालकी द्यायची. तीन दारं उघडी होती, हे गॅलरीतून सामान फेकून गेले.

आता कुणीतरी म्हणेल की एनपीएमने काढू दिलं म्हणजे कुणी वापरतच नसणार. नियम माहीत आहे. ७२ तास उलटले की तेव्हाच काढता येतं, जेव्हा रजिस्ट्रीतलं दुसरं कुठलं पॅकेज त्यावर अवलंबून नसतं, आठवड्याचे डाउनलोड ३०० च्या खाली असतात आणि मालक एकटाच असतो. पण 'अवलंबून' म्हणजे रजिस्ट्रीत दिसणारं. आमचं अॅप खासगी रेपोत. एनपीएमच्या लेखी आम्ही जन्मालाच आलेलो नाही.

रिकामा_ऐरोली

तो भाऊ मीच. बदाम मोजत बसलो नव्हतो, तरी धन्यवाद.

तुमच्या कंपनीतून मला आलेले इश्यू (तक्रारी) अजून डोळ्यांसमोर आहेत. "अर्जंट. पैसे अंकात आले तर 'पैसे' शब्द दोनदा येतो. आज संध्याकाळपर्यंत करून द्या." करून द्या! मी काय तुमचा पगारी? दुरुस्ती मी रविवारी केली. थँक्यू सोडा, पुढच्या मंगळवारी तुमचाच माणूस विचारतोय, गुजराती कधी येणार?

लायसन्स वाचलंय का कधी? एमआयटी, मोकळ्या वापराची परवानगी. 'जसं आहे तसं', कसलीही हमी नाही. ज्याची हमी नाही ते उद्या मिळेल याची हमी कुठून आली? तुम्ही सोसायट्यांकडून वर्गणी घेता, माझ्या तक्त्यावर पावत्या छापता, आणि ४०४ आला की मी गुन्हेगार.

नौपाड्याची_निमा

दोघेही जरा श्वास घ्या.

हे भांडण २०१६ मध्ये झालेलं आहे. किक नावाच्या कंपनीला 'किक' हे पॅकेजचं नाव हवं होतं, एनपीएमने ते अझर कोचुलूकडून काढून कंपनीला दिलं, त्याने चिडून आपली अडीचशेहून जास्त पॅकेजं काढली. त्यात लेफ्ट-पॅड, अकरा ओळींचं. जगभर बिल्ड कोसळल्या. दहाएक मिनिटांत कुणीतरी तोच कोड १.०.० म्हणून चढवला, तरी उपयोग शून्य, कारण सगळे ०.०.३ मागत होते. शेवटी एनपीएमने जुनी आवृत्ती स्वतः परत ठेवली. आजचे निर्बंध त्याच घोळातून आले.

माझं मत विचाराल तर लेखकाला वाचनालयातून स्वतःचं पुस्तक उचलून नेता येत नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. तिथे जाऊन कुणी म्हणालं, हे मी लिहिलंय, आता मला आवडत नाही, द्या परत, तर ग्रंथपाल चष्म्यावरून बघतील. जावावाल्यांचं कोठार मेव्हन सेंट्रल तसंच चालतं, एकदा चढलं की मालकालाही उतरवता येत नाही. रस्ट भाषेच्या क्रेट्सच्या कोठारात आवृत्ती यँक केली, म्हणजे मागे घेतली, तरी ज्याच्या लॉकफाइलमध्ये ती आवृत्ती आहे त्याला मिळत राहते, नव्याला मिळत नाही. हा मला सगळ्यांत माणुसकीचा मार्ग वाटतो.

आणि पावतीवाले, पैसे घेऊन सॉफ्टवेअर विकता तर स्वतःचा मिरर, म्हणजे पॅकेजांची स्वतःकडची प्रत, का नाही? त्यासाठीचं व्हर्डाचियो एका लहान मशीनवर चालतं.

पावतीवाला, घोडबंदर रोड

निमाताई, मिरर लावला परवाच. पण घराला कुलूप हवं होतं म्हणून चोराची बाजू बरोबर ठरत नाही.

आणि रिकामा, तो 'गुजराती कधी' विचारणारा पोरगा शिकाऊ होता. थँक्यू राहिलं असेल, घ्या: थँक्यू. झालं समाधान?

रिकामा_ऐरोली

चोर? पॅकेज माझं, चोर मीच. वा.

पुस्तकाची उपमा लागू नाही. पुस्तकाचा लेखक दर आठवड्याला "पान ४० वर छपाई अस्पष्ट आहे, अर्जंट" अशा पत्रांना उत्तरं देत बसत नाही. पॅकेज वर आहे तोवर लोकांना वाटतं दुकान उघडं आहे. डेप्रिकेट केलेल्या माझ्या दुसऱ्या पॅकेजवर आजही इश्यू येतात. पिवळी सूचना कोण वाचतं? टर्मिनल वर सरकत जातं, सगळे चहाला गेलेले असतात.

कलमकसाई

काढूच नये हा नियम सरसकट केलात तर पंचाईत. मार्च २०२१ मध्ये रुबी भाषेच्या माइममॅजिक या जेममध्ये (पॅकेजमध्ये) जीपीएल या जास्त अटींच्या लायसन्सची फाइल निघाली आणि जेम एमआयटी म्हणून वाटलं जात होतं. लेखकाने जुन्या आवृत्त्या यँक केल्या, त्यावर अवलंबून असलेले रेल्सवाले बोंबलले. त्याने काय करायला हवं होतं, लायसन्सचा भंग चालू ठेवायचा? आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक, डीबग या एनपीएम पॅकेजांच्या मेंटेनरला (सांभाळणाऱ्याला) फसव्या मेलने गंडवून विषारी आवृत्त्या चढवल्या गेल्या, त्या काही तासांत काढल्या म्हणून बरं.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडलाय. रिकामा, हे पॅकेज लिहिलंत तेव्हा नोकरीत होता का? कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, म्हणजे कंपनी, वेगळा करार नसेल तर. मग प्रसिद्ध करायचा हक्क तरी तुमचा होता का, काढायचा तर दूरच.

रिकामा_ऐरोली

रविवारी, घरी, माझ्या लॅपटॉपवर. कंपनीचं काम बँकिंगचं, मराठी आकड्यांशी संबंध नाही.

महापे_डाउन_लोकल

घरी, रविवारी, स्वतःच्या लॅपटॉपवर, हे सगळं आमच्या ऑफर लेटरमध्ये झाकून टाकलंय. "नोकरीच्या काळात कर्मचाऱ्याने निर्माण केलेली कोणतीही कल्पना, कोड, सुधारणा." कोणतीही! मी आंघोळीला गाणं रचलं तर तेही कंपनीचं. सही करताना कुणी वाचू देत नाही. एचआरची पोरगी टेबलावर बोट ठेवून 'इथे, इथे आणि इथे' करते.

आणि ही कंपनी आपल्याला सोडताना काय देते? नव्वद दिवसांची नोटीस. लेखकाने पॅकेज काढलं तर विश्वासघात आणि कंपनीने माणसाला तीन महिने अडकवून ठेवलं तर पॉलिसी.

नौपाड्याची_निमा

पॅकेजवरून नोटीस पीरियडवर कसे पोहोचलात? असो. नव्वद दिवस नसतील तर चालू प्रोजेक्टचं ज्ञान कुणाला देणार? मी टीम चालवते. माणूस शुक्रवारी मेल टाकतो, सोमवारी गायब, आणि क्लायंटला तोंड मी देते.

महापे_डाउन_लोकल

ओळखलंच होतं, मॅनेजर आहात. ज्ञान द्यायला आठवडा पुरतो. उरलेले अडीच महिने आम्ही रबाळेपर्यंत रोज लोंबकळत येतो आणि कॅन्टीनमध्ये बसून कोपरखैरण्याच्या भाड्यावर चर्चा करतो. नवी कंपनी म्हणते महिन्यात या, जुनी म्हणते बायआउट (पैसे भरून लवकर सुटका) नाही. माझी एक ऑफर अशीच गेली. रिलिव्हिंग लेटर महिनाभर अडकवलं, कारण काय, तर हेडफोन परत केले नाहीत. हेडफोन! त्याची एक बाजू चालतच नव्हती.

नौपाड्याची_निमा

तुमच्या हेडफोनचा राग माझ्यावर काढू नका. आणि नोटीस पीरियडमध्ये काम न करणाऱ्यांमुळेच नोटीस पीरियड वाढलाय, हेही ऐकून घ्या.

महापे_डाउन_लोकल

काम दिलंत तर करू ना! रिपो अॅक्सेस पहिल्या दिवशी काढता आणि म्हणता काम करा. तुमच्यासारख्यांना माणूस म्हणजे लॉकफाइलमधली एक ओळ वाटतो. बांधून ठेवायचा.

कलमकसाई

नोंद म्हणून: करार कायद्याचं कलम २७ धंद्याला अडवणारे करार अवैध ठरवतं, पण ते बहुधा नोकरी सोडल्यानंतरच्या बंदीला लागतं. नोटीस हा नोकरीच्या आतला मामला, तिथे तेवढं सोपं नाही. आणि 'कोणतीही कल्पना' असं लिहिलं म्हणून आंघोळीचं गाणं आपोआप कंपनीचं होत नाही, पण भांडायला कोर्टात जाणार कोण? कंपनीला तेवढंच हवं असतं.

महापे_डाउन_लोकल

हेच म्हणतोय. कुणी जात नाही.

गप्पच_बरा

वाचतोय. नोटीस पीरियडला वेगळा धागा काढा, तिथे मलाही बरंच बोलायचंय. इथे फक्त एक: पायथनवाल्यांकडे प्रोजेक्ट काढलं की ते नाव दुसऱ्या कुणालाही घेता येतं. २०२४ मध्ये जेफ्रॉग या सॉफ्टवेअर कंपनीने यावरच इशारा दिला होता. रिकामा नाव सोडून गेला, उद्या भलता माणूस त्याच नावाने माल ठेवील आणि सोसायटीच्या पावतीत काय छापेल कोण जाणे. राग वापरणाऱ्यावर, फायदा तिसऱ्याचा.

रिकामा_ऐरोली

हा मुद्दा आहे. बाकी तुम्ही सगळे उपदेश करत होतात, हा पहिला मुद्दा. एनपीएमवर तेच नाव पुन्हा चढवायला २४ तास थांबावं लागतं, ते उलटून गेलेत. नाव अडवून ठेवायला एक रिकामं पॅकेज चढवतो, आत फक्त 'आता नाही' अशी सूचना. कोड परत टाकणार नाही. पावतीवाल्यांना टारबॉल (पॅकेजची बांधलेली फाइल) हवी असेल तर मेल करा. विषयात 'अर्जंट' लिहू नका, उघडणार नाही.

पावतीवाला, घोडबंदर रोड

नको. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरात पडलेली होती, तिथून उचलून तक्ता आमच्या रेपोत टाकला. वर तुमचं नाव नि लायसन्स जसंच्या तसं ठेवलंय. अट आहे म्हणून ठेवलंय, प्रेमाने नाही. बघताना एक सापडलं. एक कोटीच्या वर गेलं की 'लाख' दोनदा येतो. घोडबंदरला एवढं बिल कुणाचं येत नाही म्हणून कळलं नव्हतं.

रिकामा_ऐरोली

दोनदा येत नाही. तुम्ही जुनी आवृत्ती उचललीत. ती चूक मी दिवाळीतच सुधारली होती, चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) नोंद आहे. होती.

महापे_डाउन_लोकल

निमा, एक सांगा. तुमच्या टीममधल्या कुणाला उद्या दुसरीकडून ऑफर आली आणि त्याने तीस दिवस मागितले, तर द्याल का? हो किंवा नाही. 'क्लायंट' हा शब्द न वापरता.

नौपाड्याची_निमा

पंचेचाळीस. आणि हेडफोन आधी जमा करायचे.