अनुभव धागा: सिलिकोन कोणत्या केसाला, किती, आणि काढायचं कशानं

सिरम, 'स्मूद' लिहिलेले कंडिशनर, टू-इन-वन शाम्पू, केस सरळ केल्यावर सलूनमधून हातात देतात ती बाटली. बहुतेकांत सिलिकोन, म्हणजे केसावर गुळगुळीत थर बसवणारा घटक, असतं. ते चांगलं की वाईट हा वाद इथे नको, तो भरपूर झालाय. ज्यांचा हात यावर बसला आहे त्यांनी लिहा: केसाचा पोत कसा, पाणी कोणतं, बाटलीत कोणतं सिलिकोन, किती घ्यायचं, कशानं निघतं आणि कुठे फसतं. "मला सूट झालं" एवढ्यावर दुसऱ्याचं भागत नाही.

लेबलवाचक

आधी नावं ओळखा, नाहीतर पुढचं सगळं हवेत. नावाच्या शेवटी 'कोन', 'कोनॉल' किंवा 'सिलॉक्सेन' दिसलं की सिलिकोन समजायचं. पण सगळी एका माळेचे मणी नाहीत.

सायक्लोपेंटासिलॉक्सेन हे उडून जाणारं. सिरम हातावर रेशमासारखं लागतं ते याच्यामुळे. त्याचं काम बाकीच्यांना पसरवायचं, मग ते हवेत जातं. मागे राहतं ते डायमेथिकोन किंवा डायमेथिकोनॉल, म्हणजे खरा थर. अमोडायमेथिकोनवर धन भार असतो आणि केसाच्या खराब झालेल्या जागी ऋण भार जास्त असतो, म्हणून ते नेमकं तिथे जाऊन बसतं. नावाआधी 'पेग-12' वगैरे असेल तर ते पाण्यात विरघळणारं, साध्या धुण्यात जातं.

प्रमाणाचा अंदाजही लेबलवरूनच येतो. घटक उतरत्या क्रमानं लिहितात, पण 1 टक्क्याखालचे कसेही लिहिले तरी चालतात. फिनॉक्सिइथेनॉल या परिरक्षकाला 1 टक्क्याची मर्यादा असते. त्याच्या नंतर आलेलं सिलिकोन बहुधा चिमूटभरच आहे, त्याची धास्ती नको.

युरोपात 2020 पासून धुऊन टाकायच्या उत्पादनांत सायक्लोपेंटासिलॉक्सेन 0.1 टक्क्याखाली ठेवावं लागतं. कारण नदी-समुद्रात ते लवकर विघटित होत नाही. केस खराब होतात म्हणून ती बंदी आली, असं जे फिरतं ते चूक आहे.

बारीक आणि सरळ

आमच्यासारख्या बारीक, सरळ केसांना सिलिकोन लगेच जड होतं. खांद्यापर्यंतच्या केसांना सिरमचे दोन थेंब, मुगाच्या दाण्याएवढे. तिसरा नाही. तळहातांवर इतकं चोळायचं की थेंब दिसेनासा होऊन नुसती चकाकी उरेल. मग हात आधी टोकांवर, तिथून वर कानाच्या पातळीपर्यंत, आणि तिथे थांबायचं. डोक्यावरून हात फिरवायची सवय मोडा. भांग चिप्प बसतो आणि संध्याकाळपर्यंत चार दिवस न न्हायल्यासारखं दिसतं.

कंडिशनरच्या लेबलवर डायमेथिकोन पहिल्या पाच घटकांत असेल तर सिरम लावूच नका. दोन्हींपैकी एक. टू-इन-वन शाम्पूवर तर दोन्ही नकोत.

जास्त झालंच तर लगेच पाण्याखाली जाऊ नका. हात जेमतेम ओले करून शाम्पू आधी चोपड्या भागावर चोळा, मग पाणी घाला. भरपूर पाण्यात शाम्पू पातळ होतो आणि थर तसाच राहतो.

रसायनवाला

टू-इन-वनचा विषय निघालाच आहे तर गंमत ऐका. त्यात सिलिकोनचे बारीक थेंब तरंगत असतात आणि सोबत एक धनभारित पॉलिमर (लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ) असतो, बऱ्याचदा ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड. ग्वार म्हणजे आपली गवार, तिच्या बियांच्या डिंकापासून हा बनतो. फेस असेपर्यंत तो विरघळलेला असतो. पाणी ओतून शाम्पू पातळ झाला की तो साका धरतो आणि सिलिकोनला घेऊन केसावर बसतो. म्हणजे थर बसतो तो खळखळून धुताना. "नीट धुतलं तरी गुळगुळीत राहतं" ही तक्रार नाही, ती रचना आहे.

कुरळी

स्प्रिंगसारख्या वळणाचे, पाठीपर्यंत. सिलिकोन ओलावा देत नाही, असलेला अडवतं. म्हणून केस टपटपत असतानाच लावायचं, पंचानं पुसून झाल्यावर नाही. दाट केसांना चार भाग करून प्रत्येक भागाला दोन थेंब, बोटांनी खालून वर मुठीत दाबत. वाळल्यावर फक्त उडणाऱ्या बटांना एक थेंब.

वर जेल लावणार असाल तर आधी तळहातावर दोन्ही थोडं थोडं मिसळून पाहा. एकजीव झालं तर ठीक. नासलेल्या दुधासारखे कण दिसले तर तेच कण वाळल्यावर केसात कोंड्यासारखे पांढरे दिसणार. त्या दोन बाटल्या एकत्र वापरू नका, भले दोन्ही महागाच्या असोत.

कुरळे केस सांभाळायच्या 'कर्ली गर्ल' पद्धतीत सिलिकोन वर्ज्य आहे त्याचं कारण साधं: त्यात सल्फेटही (शाम्पूतला कडक, फेसाळ साफ करणारा घटक) वर्ज्य असतं आणि नुसत्या कंडिशनरनं धुतलं तर डायमेथिकोन पुरतं निघत नाही. नियम जोडीनं आहेत. सल्फेट सोडलं आणि सिलिकोन ठेवलं की तीन-चार न्हाण्यांत वळणं ओघळतात. मात्र सल्फेटशिवाय निघतच नाही हेही खरं नाही. कोकामिडोप्रोपिल बीटेन किंवा ऑलिफिन सल्फोनेट असलेला शाम्पू दोनदा लावला तर बहुतेक सिरम निघतं.

सलूनवाले

रिबाँडिंग, ब्लीच, हायलाइट्स झालेल्या केसांबद्दल लिहितो. निरोगी केसाच्या पृष्ठभागावर स्निग्ध आवरण असतं, ते पाण्याला दूर ठेवतं. क्षारीय रसायनानं ते आवरण जातं आणि केस पाणी पिऊ लागतो. साधं डायमेथिकोन अशा केसावर नीट पसरत नाही, ठिपक्याठिपक्यांनी बसतं. इथे अमोडायमेथिकोनवालं कंडिशनर घ्या. ओले केस पिळून, लिंबाएवढं कंडिशनर कानाखाली लावून 3 मिनिटं ठेवायचं.

इस्त्रीचं म्हणाल तर सिलिकोनचा थर उष्णता हळू आत जाऊ देतो, अडवत नाही. ब्लीच केलेल्या केसाला 150 अंश सेल्सिअस पुरे, जाड काळ्या केसालाही 180 च्या वर कशाला जायचं? सिरम लावल्यावर पाच मिनिटं थांबा. चिमटा फिरवताना 'चर्र' आवाज आला किंवा वाफ दिसली तर केस ओला आहे, तिथेच थांबा. आतलं पाणी उकळून केसात बुडबुडे होतात आणि केस तिथूनच तुटतो. ते कुठल्याच सिरमनं भरून येत नाही.

फाटे फुटलेल्या टोकांचंही तेच. सिरम ते पुढच्या न्हाण्यापर्यंत चिकटवून ठेवतं. उपाय कात्री, फाट्याच्या सेंटिमीटरभर वर.

मेंदी किंवा रंग लावायच्या आदल्या दिवशी बिनसिलिकोनच्या शाम्पूनं दोनदा धुवा, कंडिशनर नको. नाहीतर थर आड येऊन रंग कुठे चढतो, कुठे नाही.

बोअरचं पाणी

बादलीच्या आत आणि शॉवरच्या भोकांवर पांढरा थर बसत असेल तर केस राठ होण्याचा आळ सिलिकोनवर घेण्याआधी हे करा. एक बट फिल्टरच्या पाण्यानं धुवा, बाकीचे केस नेहमीच्या, शाम्पू तोच. वाळल्यावर ती बट मऊ आणि बाकी काथ्यासारखे असतील तर दोष क्षारांचा. लेबलवर डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए (क्षारांना धरून ठेवणारा घटक) वरच्या बाजूला असलेला शाम्पू पंधरा दिवसांतून एकदा, फेस 2-3 मिनिटं ठेवून. शेवटचे दोन तांबे गोड्या पाण्याचे.

उलट बट मऊ झालीच नाही आणि केस भिजायलाच वेळ लागतो, पाणी अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळतं, तर तो थर सिलिकोनचा किंवा तेलाचा. व्हिनेगरनं सिलिकोन निघत नाही. एक लिटर पाण्यात चमचाभर घातलेलं व्हिनेगर क्षारांना थोडंफार हलवतं, इतकंच.

खोबरेलवाली

तेल आणि सिरम यांचं वैर नाही, क्रम चुकतो. खोबरेल केसाच्या आत शिरतं. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल ताडून पाहिलं तेव्हा केसातल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलनं कमी केली. (मॅरिको खोबरेलच विकते, हेही लक्षात असू द्या.) म्हणून खोबरेल न्हाण्याच्या आदल्या रात्री, सिरम न्हाल्यावर. सिरमच्या थरावर तेल चोपडलं तर ते आत कमी आणि उशीवर जास्त जातं.

नुसत्या शिकेकाई-रिठ्यावर असाल तर डायमेथिकोनवालं सिरम रोज लावू नका. रिठ्याचा फेस सौम्य, साचलेला थर त्याला आवरत नाही. महिन्यातून दोन न्हाणी शाम्पूची ठेवा.

चांदी

पांढरे केस राठ आणि ताठ, म्हणून इथे सिरम खरंच कामाला येतं. फक्त बाटलीतलं सिरम पिवळसर नसावं. पाण्यासारखं स्वच्छ हवं, रंगीत सिरमची झाक पांढऱ्यावर दिसते.

आणि सिरम न्हाणीघरात लावू नका! फरशीवर एक थेंब पडला तरी पाय सरकतो, आणि साध्या पाण्यानं पुसला तर तो नुसता पसरतो. भांड्यांचा साबण लावून घासा.

लंडनहून

थोडं बाजूचं, पण सिलिकोनचंच. इथे शाळेतल्या मुलांच्या उवांसाठी 4 टक्के डायमेथिकोनचं लोशन मिळतं. ते विषारी नाही, उवेवर थर चढवून तिला मारतं, म्हणून औषधाला सरावलेल्या उवाही मरतात. केस कोरडे हवेत. मुळापासून टोकापर्यंत सगळे भिजवायचे, 8 तास किंवा रात्रभर ठेवायचं, शाम्पूनं धुवायचं, मग बारीक दातांची फणी. लिखा वाचू शकतात, म्हणून 7 दिवसांनी पुन्हा.

बारीक आणि सरळ

मग घरातलं सिरम थापलं तर?

लंडनहून

नको. त्यात डायमेथिकोन किती आहे ते लिहिलेलं नसतं, आणि उवांसाठी लागतं तितकं ओतायचं तर बाटली एका डोक्याला पुरणार नाही. शिवाय यातला उडणारा भाग पेट घेतो. लोशन असो की सिरम, भरपूर लावलेल्या डोक्यानं गॅसपाशी, निरांजनापाशी किंवा विडी-सिगरेटजवळ जायचं नाही, धुऊन होईपर्यंत ड्रायरही नाही.