पडद्याआधी प्लग: विमानातील सीटवर नेमके काय असावे?

मधली सीट (धागाकर्ता)

नऊ तासांच्या रात्रीच्या उड्डाणात माझ्या समोरचा पडदा तिसऱ्या तासाला गोठला. कर्मचाऱ्यांनी तो पुन्हा सुरू करून दिला, तेव्हा काळ्या पार्श्वभूमीवर लिनक्स या संगणक प्रणालीचा पेंग्विन उमटला, पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरकल्या आणि पाच-सात मिनिटांनी तीच गोठलेली चौकट पुन्हा समोर आली. एवढ्यावर मी धागा काढला नसता. पण याच यंत्रणेची धातूची पेटी पुढच्या सीटखाली, नेमकी माझ्या पायाशी बसवलेली होती, त्यामुळे उजवा पाय रात्रभर सरळ करता आला नाही. आणि दोन सीटांमधल्या सॉकेटमध्ये चार्जरचा प्लग टिकत नसल्यामुळे तो मी गुडघ्याने दाबून धरला होता.

माझे मत असे, की विमान कंपन्यांनी सीटच्या पाठीतले पडदे टप्प्याटप्प्याने काढून टाकावेत आणि त्यावरचा खर्च प्रत्येक सीटला भक्कम वीजपुरवठा व वापरण्याजोगे इंटरनेट देण्याकडे वळवावा. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ विमानात १९८८ साली सीटच्या पाठीत पडदे बसले तेव्हा ते जेमतेम २.७ इंचांचे होते, आणि तरीही ती चैन होती, कारण त्या काळी कोणाच्याही खिशात पडदा नव्हता. आज बहुतेकांच्या खिशात त्याहून मोठा आणि कितीतरी स्पष्ट पडदा असतो. विमान वीस-पंचवीस वर्षे उडते, पडद्यामागचा संगणक मात्र पाच-सहा वर्षांत म्हातारा होतो. बोटाने तीनदा दाबल्याशिवाय न हलणारे ते टचस्क्रीन आपण सर्वांनी पाहिले आहेत. शिवाय आपण ज्या पडद्यावर बोट दाबतो, त्याच्या मागे कोणाचे तरी डोके टेकलेले असते, हे वेगळेच. अमेरिकन एअरलाइन्सने २०१७ साली आपल्या नव्या बोइंग ७३७ मॅक्स विमानांत पडदे न बसवण्याचा निर्णय जाहीर केला, तो मला योग्य वाटतो. विरोधी मते जरूर मांडावीत.

हिशेबनीस

आपण २०१७ वर थांबलात, म्हणून पुढचे सांगतो. युनायटेड एअरलाइन्सने २०२१ साली नेमका उलटा निर्णय जाहीर केला: नव्या लहान विमानांत प्रत्येक सीटला पडदा बसवायचा आणि जुन्या विमानांतही तो नव्याने घालायचा. डेल्टाने तर पडदे काढण्याच्या वाटेने जायचेच टाळले. या कंपन्या वजनाचा आणि इंधनाचा हिशेब किलोकिलोने करतात. पडदा निरुपयोगी ठरला असता तर तो त्यांनी आपल्याआधी उपटला असता. प्रवासी तिकीट काढताना सॉकेटची चौकशी करत नाही, पण विमानात शिरल्यावर समोर पडदा दिसला की आपल्याला काही दिले गेले असे त्याला वाटते, आणि कंपनीसाठी त्या वाटण्यालाही किंमत आहे. त्या पडद्यावर जाहिराती दाखवता येतात, हा भाग मला आवडत नाही, परंतु हिशेबात तो धरावा लागतो.

नकाशाप्रेमी

मूळ लेखाशी असहमत. माझ्या आईकडे बटणांचा साधा फोन आहे. गेल्या दीर्घ प्रवासात तिने एकही चित्रपट पाहिला नाही. ती अकरा तास नकाशावरचे छोटे विमान पाहत होती आणि मध्येच मला हलवून ‘आता खाली समुद्र आहे’ असे सांगत होती. ‘बहुतेकांच्या खिशात पडदा असतो’ या आपल्या वाक्यात ‘बहुतेक’ या शब्दाबाहेर राहिलेली माणसे ती हीच. लहान मुले आणि प्रवासाला निघण्याआधी ॲप उतरवून घ्यायचे लक्षात न राहिलेले लोक यांनाही त्यांत धरा.

स्पर्शलिपी

मला अगदी अंधुक दिसते, आणि माझा अनुभव वरच्या प्रतिसादाच्या बरोबर उलटा आहे. पूर्वी हाताशी एक तारेचा रिमोट असायचा. त्याची बटणे उंचवट्यांची असल्यामुळे बोटांनी ओळखता येत आणि आवाज कमी-जास्त करणे, वाहिनी बदलणे, कर्मचाऱ्यांना बोलावणे एवढे तरी मला स्वतःला जमायचे. अनेक विमानांत तो रिमोट जाऊन टचस्क्रीन आला, तेव्हापासून समोर एक गुळगुळीत काच आहे आणि ती माझ्याशी बोलत नाही. काही कंपन्यांनी वाचून दाखवणारी सोय दिली आहे, पण ती सुरू कशी करायची हेच पडद्यावर लिहिलेले असते! माझा फोन मला सगळे वाचून दाखवतो. तेव्हा त्याला वीज आणि चित्रपटांच्या यादीपर्यंत पोहोचण्याची वाट मिळाली, की माझे काम भागते. वयस्कर प्रवाशांसाठी पडदा हवा हे मान्य. परंतु पडदा असला म्हणजे सर्वांची सोय झाली, असे कृपया गृहीत धरू नये.

गॅली क्रमांक दोन

मी केबिन कर्मचारी म्हणून काम करते. धागाकर्त्यांच्या म्हणण्यात एक मोठी जागा मोकळी राहिली आहे, ती म्हणजे बॅटरी. सीटवरचा पडदा विमानाच्या विजेवर चालतो. तो काढून सर्वांना ‘आपापले यंत्र आणा’ असे सांगितले, की प्रत्येक रांगेत फोन, टॅबलेट आणि त्यांच्यासाठी पॉवर बँक, म्हणजे लिथियमच्या बॅटऱ्यांचा ढीग वाढतो. फोन सीटच्या फटीत पडला तर आम्ही प्रवाशाला सीट हलवू नका असे विनवतो, कारण यंत्रणेत चिरडलेल्या फोनने पेट घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वीच जळाले. सर्वजण बाहेर पडू शकले हे नशीब. सामानाच्या कप्प्यातील पॉवर बँक हे संभाव्य कारण असल्याचे तेथील सरकारने नंतर सांगितले. त्यानंतर सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँकेने काही चार्ज करणे आणि सीटच्या सॉकेटवर पॉवर बँक चार्ज करणे या दोन्ही गोष्टी बंद केल्या, आणि एमिरेट्सने त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून विमानात पॉवर बँकेचा वापर थांबवला.

पडदा बिघडला की प्रवासी चिडतात. रागावलेला प्रवासी मला चालतो.

मधली सीट (धागाकर्ता)

बॅटरीचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता, तो मान्य करतो. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. लोक पॉवर बँक का आणतात? कारण सीटवरच्या सॉकेटवर त्यांचा विश्वास नाही. साधारण २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक म्हणजे सुमारे ७४ वॅट-तास, म्हणजेच परवानगीशिवाय नेता येणाऱ्या १०० वॅट-तासांच्या मर्यादेत सहज बसणारी वस्तू. ती प्रत्येक दुसऱ्या पिशवीत असणारच. कंपनी तिच्या वापरावर बंदी घालत असेल, तर चालणारे सॉकेट देणे ही त्या बंदीची दुसरी बाजू झाली पाहिजे. बंदी लागू करायची आणि प्लग मात्र गळून पडणारा ठेवायचा, याला मी सुरक्षितता म्हणणार नाही.

तारांचा माणूस

विमान देखभालीत माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे लांब लिहितो.

प्रथम वीज. विमानातली मुख्य वीज ११५ व्होल्ट आणि ४०० हर्ट्झची असते. घरगुती चार्जरला ती तशीच देत नाहीत. सीटखाली बसवलेले पॉवर सप्लायचे खोके तिचे रूपांतर ११० व्होल्ट, ६० हर्ट्झमध्ये करते आणि यूएसबीसाठी त्याहून कमी दाबाच्या विजेत. म्हणजे आपल्या पायाशी जी पेटी आली ती पडद्याचीच असेल असे नाही. सॉकेट भक्कम करायचे म्हटले तर पेटी राहणारच. आता आकडे पाहू. १८० सीटांच्या विमानात प्रत्येकाने लॅपटॉपसाठी ६० वॅट घेतले तर १०.८ किलोवॅट होतात. एअरबस ए३२० च्या प्रत्येक इंजिनावरचे जनित्र ९० केव्हीएचे (ढोबळमानाने तेवढ्याच किलोवॅटचे) असते, त्यामुळे निर्मिती कमी पडत नाही. अडचण त्या विजेला सीटपर्यंत नेणाऱ्या तारांची, उष्णतेची आणि प्राधान्यक्रमाची आहे. एक जनित्र बंद पडले, की आधी ज्यांचा पुरवठा तोडतात त्यांत स्वयंपाकघर आणि प्रवाशांच्या सोयी येतात. साध्या दिवशीही सीटांच्या एकूण भारावर मर्यादा ठेवलेली असते. ती गाठली की उशिरा प्लग लावणाऱ्याला वीज मिळत नाही, आणि त्याला वाटते सॉकेट मेले आहे.

दुसरी गोष्ट सांगताना मला अजूनही जड जाते. स्विसएअरचे १११ क्रमांकाचे उड्डाण २ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघाले आणि कॅनडातील नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. २२९ जण गेले. वैमानिकांना कॉकपिटमध्ये वास आल्यापासून सुमारे २१ मिनिटांत सगळे संपले. कॅनडाच्या तपास मंडळाने २००३ च्या अहवालात म्हटले, की छताच्या वरच्या भागात तारेतून ठिणगी उडून उष्णतारोधक आच्छादनाने पेट घेतला असावा. ज्या तारांवर ठिणगीच्या खुणा सापडल्या त्यांत प्रवाशांच्या करमणूक यंत्रणेला वीज पुरवणारी तारही होती. सुरुवात तिथूनच झाली, असे ठामपणे सांगता आले नाही. पण एक बाब स्पष्ट होती: ही यंत्रणा विमान बनल्यानंतर अशा ठिकाणी जोडली गेली होती, की वैमानिकांनी केबिनची वीज तोडणारा स्विच बंद केला तरी तिचा पुरवठा चालूच राही.

म्हणून ‘पडदा की प्लग’ हा वाद मला अपुरा वाटतो. दोन्हींच्या मागे तीच तार आहे, आणि विमान सेवेत आल्यानंतर घातलेली प्रत्येक तार कोठून कोठे गेली, ती कोणत्या स्विचने बंद होते, हे मी आधी पाहतो. नव्या जोडणीसाठी आज विद्युतभाराचे विश्लेषण आणि वेगळी मंजुरी लागते. पडद्यालाही स्वतःच्या कसोट्या आहेत: सीटची चाचणी १६ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट, इतक्या धक्क्याने घेतात आणि पुढच्या सीटवर डोके आदळल्यास होणाऱ्या इजेचा निर्देशांक १००० च्या आत ठेवावा लागतो. फोन अडकवायला नुसता धारक देऊ, असे म्हणणाऱ्यांनी त्याच धक्क्यात तो फोन कुठे जाईल याचाही विचार करावा.

हिशेबनीस

‘वापरण्याजोगे इंटरनेट’ हा शब्दप्रयोग धागाकर्त्यांनी फार सहज केला. बोइंगने कनेक्शन या नावाने उपग्रहावरून विमानात इंटरनेट देण्याची सेवा काढली, २००४ मध्ये लुफ्तान्साच्या विमानांतून ती प्रवाशांपर्यंत पोहोचली आणि २००६ अखेर बंद झाली, कारण अवजड यंत्रणेचा खर्च भरून निघेल एवढे ग्राहकच मिळाले नाहीत. त्यानंतरही बराच काळ विमानातले इंटरनेट ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहांवर अवलंबून होते. आपला प्रश्न वर जाऊन खाली येणार आणि उत्तर पुन्हा त्याच वाटेने परतणार, म्हणजे चार फेऱ्या. प्रकाशाच्या वेगानेही अर्धा सेकंद तिथेच गेला.

मधली सीट (धागाकर्ता)

तो अर्धा सेकंद चित्रपट पाहताना आड येत नाही, संभाषण करताना येतो. आणि आता परिस्थिती बदलते आहे. स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरतात. हवाईयन एअरलाइन्स आणि कतार एअरवेज यांनी २०२४ मध्ये ती सेवा आपल्या विमानांत सुरू केली. डेल्टाने २०२३ पासून आपल्या सदस्यांना अमेरिकेतील बहुतेक उड्डाणांत वाय-फाय विनामूल्य दिले. बोइंगच्या ‘कनेक्शन’ सेवेचा दाखला आज लावणे म्हणजे पहिल्या मोबाइल फोनचे वजन सांगून आजचा फोन नाकारण्यासारखे आहे.

नकाशाप्रेमी

डेल्टाने वाय-फाय दिले आणि पडदेही ठेवले, हे आपणच आता सांगितलेत.

स्पर्शलिपी

आणखी एक शंका. २०१९ साली काही कंपन्यांच्या पडद्यांत कॅमेरे असल्याचे प्रवाशांच्या लक्षात आले. ते कधीच सुरू केलेले नाहीत, असा खुलासा कंपन्यांनी केला. माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर निदान माझे बोट ठेवता येते.

मधली सीट (धागाकर्ता)

इथवरचे प्रतिसाद वाचून माझ्या भूमिकेत बदल करतो. लांबच्या उड्डाणांत पडदा असावा, त्यासोबत बोटांना कळणारी बटणेही असावीत. दोन-तीन तासांच्या उड्डाणांत मात्र तो नसला तरी चालेल, आणि सॉकेट सर्वत्र असावे, या म्हणण्यावर मी ठाम आहे. तारांचा माणूस यांना एकच विचारतो: माझ्या गुडघ्याने धरलेल्या त्या प्लगचे मी काय करायला हवे होते? मी कर्मचाऱ्यांना सांगितले होते, त्यांनी लिहूनही घेतले.

तारांचा माणूस

काय लिहून घेतले, त्यावर सगळे अवलंबून आहे. ‘चार्जिंग होत नाही’ एवढीच नोंद आली, तर रात्री विमान उभे असताना आमचा माणूस आपला नवा कोरा चार्जर घेऊन जातो, त्याच्या ताठ पिना सॉकेटमध्ये घट्ट बसतात, दिवा हिरवा होतो आणि नोंद बंद होते. या सॉकेटला दोन्ही पिना बरोबर आत गेल्याचे कळावे लागते, तेव्हाच ते वीज सोडते. आतल्या पकडी ढिल्या झाल्या की वजनदार चार्जर स्वतःच्या भाराने किंचित खाली लोंबतो आणि पुरवठा तुटतो. आमच्या हलक्या चार्जरला तो दोष दिसतच नाही. पुढच्या वेळी रांगेचा क्रमांक, डावे सॉकेट की उजवे, आणि ‘प्लग आत टिकत नाही’ हे चार शब्दांचे वाक्य नोंदवहीत लिहायला सांगा. त्या नोंदीवर सॉकेट बदलावेच लागते.

गॅली क्रमांक दोन

आमच्या नोंदवहीत त्यासाठी एकच ओळ असते. तरी लिहीन.