मदत हवी: टेबलावरच्या खेळात माझ्या टोळीला चार जण कमी, रविवारी डाव आहे

पऱ्हाटीवाला
लवकर सांगा. सहाच मिनी (थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या खेळातल्या छोट्या बाहुल्या) उरल्यात. जादूगाराचा शागीर्द काढून खेळातल्या त्या पैशात एक तगडा सैनिक घेऊ का? नागपूरहून चुलत भाऊ येतोय, त्याची टोळी पूर्ण १० जणांची आहे.

वर्धेकर_दादा
कोणता गेम? कोणती आवृत्ती? जादूगार कोणता? आणि ‘उरल्यात’ म्हणजे बाकीच्या गेल्या कुठे?

पऱ्हाटीवाला
फ्रॉस्टग्रेव्ह, दुसरी आवृत्ती, जादूगार एलिमेंटलिस्ट. दादा, शागीर्दाचं सांगा ना.

वर्धेकर_दादा
शागीर्द अजिबात काढू नकोस. त्याच्या पाळीत ३ इंचांच्या आतले ३ सैनिक त्याच्यासोबत हलतात, जादूगाराचंही तसंच. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी तुला एकदम चाल करता येते. मंत्र टाकताना त्याच्या फाशातून २ कमी धरतात, पण मंत्रासाठी वीस बाजूंचा फासा आणखी एकदा टाकायला मिळतो हे विसरू नको. आणि हा खेळ खजिन्याचा आहे. खजिना उचलला की चाल निम्मी होते, म्हणून मुळात चपळ असलेले दोन चोर (सैनिकांचाच एक प्रकार) हवेतच. फुकट मिळतात.

मारोती_पेंटर
चोर कशाला? चार कुत्रे घे, धावून जाऊन अडवतात. मी कायम तेच घेतो.

वर्धेकर_दादा
कुत्र्याला खजिना उचलता येत नाही, मारोतीभाऊ.

मारोती_पेंटर
उचलू कशाला द्यायचा समोरच्याला, हे माझं म्हणणं आहे. बाकी रेझिनचा प्रिंटर घेऊन टाक, बारीक काम सुरेख येतं.

अकोल्याचा_भौ
काऊन भांडून राह्यले? चार मिनी गेल्या कुठं, हे त्यानं अजून सांगतलंच नाही.

पऱ्हाटीवाला
टिनाच्या खोलीत खिडकीपाशी ठेवल्या होत्या. पीएलए प्लास्टिकच्या आहेत, अजून रंग दिला नव्हता. दुपारी पाहिलं तर भाले खाली लोंबलेले आणि धनुर्धारी कमरेतून वाकलेला. आठ दिवस घासून घासून गुळगुळीत केल्या होत्या हो.

अकोल्याचा_भौ
मंग हे आधी सांगाचं ना बावा! पीएलए ६० अंशाच्या आसपास नरम पडते, मे महिन्यात टिनाखाली खिडकीच्या उन्हात ते होणारच. गंजातलं पाणी उकळ, खाली उतरव, मिनी चिमट्यानं धरून थोडा वेळ बुडव. नरम झाली का सरळ कर अन् तशीच धरून माठाच्या पाण्यात घाल. भाला तुटलाच तं आत टाचणी घालून जोड.

तान्हा_पोळा
आमच्याकडे सुतार पोरांसाठी लाकडी नंदी करतो, उन्हानं त्याला काही होत नाही. त्याच्याकडून सैनिक करून घे. यंदा नंदीला पितळी घुंगरं लावायचीत, कुठं मिळतील कोणी सांगेल का?

पऱ्हाटीवाला
भौ, तिघं सरळ झाले! एका भाल्याला टाचणी लावली. धनुर्धाऱ्याचं धनुष्य मात्र तुटलं, आणि तो अजून वाकलेलाच आहे. आता काय करू?

वर्धेकर_दादा
त्याला चोर कर. पाठीवर एम-सीलचं गाठोडं बसव, ओझ्याने वाकलेला दिसेल. एम-सील ओलं असतानाच टाचणीने दोरीच्या रेघा ओढ, वाळल्यावर जमणार नाही.